कोकिळाआत्याची कवडी

कोकिळाआत्याच्या तेरवीले एवढ्या पोट्ट्या आल्या का पंगतीत घरच्याच मानसाइले जागा उरली नाई. कोनी शाळेच्या ड्रेसवर, कोनी कॉलेजच्या, दोघी तर सावंगीवरून नर्सिंगच्या पांढऱ्या कपड्यावरच आलत्या. साऱ्याइच्या मनगटाले काळ्या धाग्यात एकेक कवडी. पाहुणे एकमेकाइले इचारत, "ह्या कोन्या नात्याच्या वो?" आत्याले तर लेकरू नोतं. घरवाला लवकर गेला, तवापासून ती भावाकडंच राहे. मनोहरराव तिचा लहान भाऊ. त्याच्या वावरात वांगे, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर पिके आन ते आर्वीच्या बसस्टँडच्या गेटापाशी बसून कोकिळाआत्या विके. मंग भाजीवालीच्या तेरवीले एवढ्या पोट्ट्या कायले आल्या, ते सांगा लागते.

आत्या कशी होती ते पहिले सांगतो. बुटकी, काळीसावळी, आवाज असा का स्टँडवर अनाऊन्समेंटवाल्याले लाज वाटे. जवळचं तिले कमी दिसे. दहाची नोट का पाचशेची, ते बोटानं चाचपून पाहे. पन लांबचं असं दिसे का घारीनं शिकवनी लावावी. स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाले एसटी वळली का ही इकडून सांगे, "आष्टीची गाडी, मांगच्या चाकात हवा कमी हाय." ड्रायव्हर उतरून पाहे तं खरंच कमी.

भाऊ-बहिणीचं पटे बी आन भांडन बी रोजचंच. मनोहरराव म्हणजे तापट, पन आतून भित्रा मानूस. त्याले जगात दोनच गोष्टीची भीती, वांग्यावरची अळी आन लोक काय म्हणतीन. अळीले औषध होतं.

त्याची पोट्टी आचल तवा नववीत होती. गावातून सकाऊनच्या एसटीनं आर्वीले शाळेत जाये, आत्याबी त्याच गाडीत भाजीच्या टोपल्या घेऊन. येतानाची गाडी दुपारची, आन ती कधी टायमावर आली असं कोनी म्हणलं तं त्याले ताप आला समजा. तवर पोट्ट्या स्टँडच्या बाकड्यावर बसून राहत. आत्या गेटाबाहेर, पोट्ट्या आत. दिसे सारं, ऐकू काही येत नसे.

एक दिवस आचल बाकड्यावर न बसता सरळ आत्याच्या टोपलीपाशी आली आन म्हणे, "दे आत्या, मी जुड्या बांधून देतो."

आत्या तिच्याकडं पाहतच राह्यली. ह्या पोट्टीले घरी सांबार निवडायले सांगतलं तं तिचं पोट दुखे, डोकसं दुखे, अभ्यास आठवे.

"काऊन वो? आज सूर्य कुठून निंगाला?"

"असंच."

दुसऱ्या दिवशीबी असंच. तिसऱ्या दिवशी आत्यानं जुडी हातातून काढून घेतली. "हे पाय, तू बांधलेल्या जुड्या गिऱ्हाइकाच्या हातात सुटून राह्यल्या. माझा धंदा बुडव, पन खरं सांगून बुडव."

तवा पोट्टी बोलली. एक गॉगलवाला पोट्टा हाय. पंचवीसेक वर्षाचा घोडा. रोज दुपारी मोटरसायकल बाहेर लावते आन येऊन बाकड्यावर खेटून बसते. नंबर मांगते. मोबाईल असा धरते का फोटो काढून राह्यला का नाई ते समजत नाई. उठून दुसरीकडं बसलं तं तोबी तिकडं येते.

"मंग वरडली काऊन नाई? माझा आवाज नाई का आला तुझ्यात?"

"वरडली तं अख्खं स्टँड माझ्याकडं पाहीन आत्या. त्याच्याकडं कोन पाहते? आन मंग बाबापर्यंत जाईन. काजलचं काय झालं, माहीत नाई तुले?"

माहीत होतं. शेजारची काजल. तिच्या मांगं कोनी पोट्टे लागले एवढंच तिच्या बापाच्या कानावर गेलं आन दुसऱ्या दिवशी पोट्टीचं दप्तर माळ्यावर. फागुनात लग्न. ज्यानं तरास देल्ला तो मजेत पानठेल्यावर, आन जिले झाला ती सासरी भाकरी थापून राह्यली. मनोहरराव तवा म्हणलाही होता, "बराबर केलं बापा त्यानं. नाक गेल्यावर शाळा काय कामाची?" आचलनं ते ताटावर बसून ऐकलं होतं.

"घरी नको सांगू आत्या," आचल म्हणे. "शाळा सुटली तं मी काय करू?"

आत्यानं सांबाराची जुडी आवळून बांधली. "नाई सांगत. पन तू मले सांगत जाजो. न बोलता, लांबून. मले लांबचं दिसते."

फोन घरी एकच, तो मनोहररावाच्या खिशात. शाळेत तं फोन नेऊच देत नाई. म्हणून असं काहीतरी पाह्यजे होतं का जे पोट्टीच्या अंगावर राहीन, कोनाच्या डोळ्यात येणार नाई, आन बोट हलवलं का आत्याले समजीन. कोकिळाआत्या चौथी शिकलेली. इंजिनिअरचं काम तिच्यावर आलं.

पहिले तिनं लोकरीचं लिंबू-मिरची बनवलं. इवलंसं, पिवळं-हिरवं, दप्तराले लटकवायचं. सरळ लटकलं तं सारं ठीक. उलटं केलं तं समज, ध्यान दे. लिंबू-मिरची दुकानाले असते, ट्रकले असते, दप्तराले असली तं कोनाले काय? आचलच्या मैत्रिणीबी मांगायले लागल्या. आत्यानं चार-पाच बनवून देल्ले आन दिवसभर अभिमानानं फुगून बसली.

पन लिंबू-मिरची लटकवणारे लोक कसे असते, तेच ती इसरली.

दोन दिवसानं गॉगलवाला आला. आचलनं हळूच दप्तराचं लिंबू-मिरची उलटं केलं. तेवढ्यात बाकड्याजवळून प्रमिलाबाई चालली होती. ही जांबवाली, म्हणजे पेरू विके, आत्याच्या बाजूलेच बसे. देवभोळी एवढी का मांजर आडवं गेलं तं मांजरालेच बसवून पानी पाजे. तिनं पाह्यलं, पोट्टीचं लिंबू-मिरची उलटं! तिनं टोपली खाली ठेवली आन ते सरळ केलं.

आचलनं पुन्हा उलटं केलं. प्रमिलाबाईनं पुन्हा सरळ केलं. वरून म्हणे, "उलटं ठेवू नाई वो माय, लक्ष्मी पळून जाते." आन बाजूच्या दोघीचे दप्तरंबी तपासून गेली.

इकडं गेटावरून आत्या पाहे तं लिंबू-मिरची सरळ. सारं ठीक. ती मजेत वांगे तोलून राह्यली.

गाडी सुटायच्या आधी आचल धावत आली, तोंड लाल. "तुझं यंत्र फेल हाय आत्या! तो अर्धा तास खेटून बसला आन ही बुढी मले लक्ष्मी शिकवून राह्यली!"

एवढ्यावरच भागलं नाई. प्रमिलाबाईनं आचलची माय कुसुमबाईले बाजारात गाठून सांगतलं का तुमच्या पोट्टीवर कोनीतरी काही केलं हाय, तिचं लिंबू आपोआप उलटं होते. कुसुमबाईनं घाबरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या खरंच तिखट होत्या. सारं घर खोकत बसलं, मनोहरराव आंगणात खोकला, शेजारची म्हैस खोकली. आत्या खोकता खोकता आचलकडं पाहे आन हसू दाबे.

मंग तिनं डोकसं लावलं. ज्याले लोक हात लावते ते कामाचं नाई. ज्याले हात लावायले लोक भीतात ते पाह्यजे.

पोळा जवळ आला होता. बैलाच्या साजाची दुकानं लागलती, गोंडे, घुंगरं, माळा. आत्या तिथून मूठभर कवड्या घेऊन आली. कवडीले दोन तोंड. पाठ गुळगुळीत, पोटाले दात. अष्टाचंगा खेळणाऱ्या बाईले लांबूनच समजते का कवडी उताणी पडली का पालथी, त्यासाठी चष्मा लागत नाई. ती कवडी तिनं काळ्या धाग्यात ओवली आन मनगटाले बांधायची केली. देवस्थानाचा धागा तं साऱ्याच्याच हातात असते. शाळेचे सर काही म्हणत नाई आन दुसऱ्याच्या देवाच्या धाग्याले प्रमिलाबाई तं काय, कोनीच हात लावत नाई.

कवडी पालथी म्हणजे ठीक. अंगठ्यानं फिरवून उताणी केली का ध्यान दे.

पहिली कवडी स्वतःच्याच हातात बांधून आत्या भाकरी थापायले बसली. दहा भाकरीत कवडी आपोआप पाच-सहा वेळा उलटली. "हिच्यात तं पीठ मळलं का पोलीस येईन," ती म्हणली. मंग धागा दुहेरी केला, दोन्ही बाजूनं सांबाराच्या जुडीची आवळगाठ मारली, तवा कुठं कवडी जागेवर बसली. आता अंगठ्यानं मुद्दाम ढकलल्याबिगर फिरे नाई. ती कवडी घालून तिनं भांडे घासले, वांगे तोडले, मनोहररावाशी हात नाचवून भांडलीबी. कवडी हलली नाई.

मनोहररावानं इचारलं, "हे काय बांधलं वो बाई?"

"वाताचं हाय."

"फरक पडला?"

"पडीन."

आता खरी गोष्ट ही, का खूण दाखवणारी एक झाली तरी पाहणारे डोळे जास्त पाह्यजे. आत्या एखाद दिवस आली नाई तं? म्हणून तिनं तीन मानसं पकडले. पहिली प्रमिलाबाई, कारण तिले बाजूले ठेवलं असतं तं ती अजून काही सरळ करत फिरली असती. दुसरा तानबा, स्टँडवर चहा विकणारा, त्याची केटली साऱ्या बाकड्यापर्यंत जाये. तिसरी सरिता, कंडक्टर, गावाच्या गाडीवर तिचीच ड्युटी राहे.

गेटापाशी बसवून आत्यानं तिघाइची शाळा घेतली.

"कवडी उताणी दिसली तं काय करायचं?"

तानबा म्हणे, "धरून हाणायचं."

"हाणायचं नाई! हाणलं का गर्दी, गर्दी झाली का पोट्टीचं नाव. चूपचाप तिच्याजवळ जायचं आन घरच्यासारखं बोलायचं. तुझ्या मायनं निरोप देल्ला, तुझा भाऊ कुठं हाय, काहीबी. एकटी दिसली नाई पाह्यजे, बस."

"मले जमते," प्रमिलाबाई म्हणे. "मी कोनाशीबी कितीबी बोलू शकतो."

"ते आर्वीले माहीत हाय," सरिता म्हणे.

पोट्ट्याइच्या हातात कवड्या गेल्या. पहिल्या हप्त्यात जवळजवळ रोजच कोनाची तरी उताणी. तानबा केटली घेऊन धावे, प्रमिलाबाई जांबाची टोपली घेऊन धावे, आन पोट्ट्या खीखी हसून म्हणत, "काही नाई काकू, भूक लागलती." जांब फुकट भेटत ना! आत्यानं साऱ्याइले रांगेत उभं केलं. "यापुढं जिनं पोटासाठी कवडी फिरवली, तिले मी कच्चं कारलं चारीन. इथंच, माझ्यासमोर." कारलं हातातच होतं. त्यानंतर कवड्या पालथ्या राह्यल्या.

मंग तो गॉगलवाला आला. पोळा होऊन गेला होता, दुपारची गाडी नेहमीसारखी हरवली होती. आचल बाकड्याच्या टोकाले. तो येऊन असा बसला का तिले उठायलेबी वाट राहू नाई, आन मोबाईल तिच्या तोंडासमोर धरून हसून काहीतरी म्हणला. आचलनं केस मांगं केले. केस मांगं करता करता अंगठा फिरवला.

गेटावरून आत्याले कवडीचे दात दिसले.

तिनं तराजू तसाच टाकला. वांगे घेणारं गिऱ्हाईक म्हणे, "अवो, माझं अर्धा किलो!" ती म्हणे, "तुमीच तोला, तुमीच ठेवा." टोपली डोक्यावर घेऊन ती चालली, मांगं प्रमिलाबाई, तिकडून तानबा. आत्या जाऊन धप्पकन बाकड्यावर बसली, आचलच्या आन त्याच्या मधात. जागा नोतीच, तिनं केली.

"सरक बापा जरा. थकली." मंग गॉगलवाल्याकडं पाहून तोंडभर हसली. "कोन्या गावचे म्हणा तुमी?"

आता आपल्याकडं हा प्रश्न इचारला का मानसाच्या तोंडून उत्तर आपोआप निंघते. बापानं लहानपणापासून लावलेली सवय. त्यानं गाव सांगतलं. त्या गावाचं नाव इथं नाई घेत, गावानं काय बिघडवलं?

"आसं का! तिथं तं माझ्या मावससासूची पोट्टी देल्ली," प्रमिलाबाई दुसऱ्या बाजूनं बसली. "तुमी कोनाचे?"

त्यानं बापाचं नाव सांगतलं.

"घर कुठं? मारुतीच्या पाराजवळ का शाळेकडं?"

"शाळेकडं."

"म्हणजे पिठाच्या चक्कीच्या बाजूले?"

"चक्की आमचीच हाय." हे सांगताना तं त्याची छाती थोडी फुगली.

"बाप्पा! चक्कीवाले! आन मामाचं गाव?"

"चहा घ्या जावईबापू," तानबानं गलास हातात कोंबला, गरम, धरताबी येईना आन ठेवताबी येईना.

मामाचं गाव झालं, आजीचं माहेर झालं, बहीण कोठं देल्ली ते झालं. आडनाव, वावर किती, मायचं नाव. त्याले घाम सुटला. गॉगल नाकावरून घसरला, पन सावरायले हात कुठं मोकळा? बाकड्याभोवती पाच-सहा बाया जमल्या, साऱ्याइले वाटलं सोयरीक चालू हाय. एकीनं तं पोट्टा चांगला हाय म्हणूनही सांगतलं.

तवा आत्या हळूच त्याच्या कानाजवळ झुकली. हळू म्हणजे तिचं हळू, पन हळू. "आता मले तुझं गाव, घर, बाप, माय सारं ठाऊक झालं. हे पत्ते मी चौकीतल्या पोलीसबाईले देऊन राह्यली आन निरोप तुझ्या मायले. ह्या बाकड्यावर पुन्हा दिसशीन तं मी भाजी विकायले तुझ्या घरासमोर बसीन. जा."

तो गेला. गलास घेऊनच गेला. तानबा आजबी तो गलास धरून चार गलास गेले म्हणून सांगते.

आत्या खरंच चौकीत गेली आन सारं सांगून आली, त्यात तिची आन आचलची गाडी हुकली, रातचीच भेटली. पन मायले निरोप द्यायचं काम तिनं सरिताले देल्लं, सरिताची संध्याकाळची फेरी त्याच रोडनं होती. आन इथंच घोटाळा झाला. सरितानं त्या गावच्या थांब्यावर निरोप देल्ला, पन आचलच्या नावासकट, गाडीच्या दारात उभं राहून, तिकीट फाडता फाडता, कंडक्टरच्या आवाजात. गाडीत आपल्या गावचे चार मानसं होते. आचल घरी पोचायच्या आधी बातमी आंगणात पोचली होती.

मनोहरराव टमाट्याच्या कॅरेटापाशी उभा. डोळे लाल.

"उद्यापासून शाळा बंद," तो म्हणे. "साऱ्या रोडवर माझ्या पोट्टीचं नाव झालं."

आचलच्या हातातून दप्तर खाली आलं. कुसुमबाई पदर तोंडाशी धरून दारात. आत्यानं डोक्यावरची टोपली उतरवली.

"बरं. मंग माझी बी भाजी बंद. त्याच बाकड्यावर मीबी बसलती. माझंबी नाव झालं."

"तुझी गोष्ट वेगळी बाई."

"काऊन? मी बुढी म्हणून? उद्या तूच वांगे घेऊन जाजो. मागच्या खेपेले गेलता तवा लाजेपायी अर्धी टोपली फुकट वाटून आला होता."

"मजाक नको करू!"

"मजाक नाई करत मनोहर. नाव झालं तं त्या चक्कीवाल्याचं झालं. त्याच्या सात पिढ्याचं झालं, मी सोता करून आली. तुझ्या पोट्टीचं काय झालं, सांग?"

मंग त्यानं पोट्टीकडं पाहून इचारलं, पहिल्यापेक्षा हळू, "किती दिवसापासून चालू होतं हे? मले काऊन नाई सांगतलं?"

आचल खाली पाहून म्हणे, "बाबा, त्याची भीती वाटे. पन तुमची जास्त वाटे."

मनोहररावानं कॅरेटातला एक टमाटा उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. तसाच वावराकडं चालला गेला. जेवायलेबी उशिरा आला. शाळेचं हो नाई म्हणलं का नाई नाई म्हणलं. आचल रात्रभर कूस बदलत राह्यली.

सकाऊन आत्या टोपल्या घेऊन थांब्यावर आली तं मनोहरराव पहिलेच तिथं, धुतलेली टोपी घालून, कॅरेटावर बसलेला. आचल ड्रेस घालून, दप्तर न घेता, फक्त उभी.

"मी येतो आज संगं," तो म्हणे. "दप्तर कुठं हाय वो हिचं?"

आचल घरी अशी धावली का चप्पल रस्त्यातच राह्यली.

दिवसभर तो आत्याजवळ बसला. भाजी त्यानं विकली नाई, बरं झालं. दुपारी शाळा सुटली आन पोट्ट्या बाकड्यावर आल्या. तो टक लावून पाहत राह्यला. पोट्टी हसून राह्यली होती, कोनाच्या तरी डब्यातलं खाऊन राह्यली होती, हातवारे करून काहीतरी सांगत होती. घरी तं ती अशी कधी बोलत नसे.

"दिसली का कवडी?" आत्यानं इचारलं.

"कुठं? ती, लाल रिबीनवाली?"

"ती दुसऱ्याची पोट्टी हाय! तुझी इकडं."

"हो, हो. आता दिसली." थोड्या वेळानं तो उठून उभा राह्यला. "बाई, उताणी झाली!"

"बस खाली. खाजवून राह्यली ती."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा आत्यानं त्याचा सदरा धरूनच ठेवला. प्रमिलाबाई जांब कापता कापता म्हणे, "ह्याले लांबचंबी दिसत नाई आन जवळचंबी."

"शिकीन तो," आत्या म्हणली. "डोळे चांगले हाय त्याचे, वापरलेच कुठं?"

गाडी आली. सरितानं मनोहररावाले पाह्यलं आन लाजेनं तिकिटाची मशीनच पदराखाली लपवली. आचल चढली, मांगून तो रिकामं कॅरेट घेऊन चढला आन तिच्या मांगच्या सीटवर बसला. उतरताना म्हणे, "पेपर कधीपासून हाय तुझे?"

"सोमवारपासून बाबा."

"मंग खिडकीपाशी बसत जाजो. तिथं वाचायले उजेड राहते."

घरी आल्यावर त्यानं टोपी खुंटीले टांगली आन चुलीकडं पाहून कुसुमबाईले सांगतलं, "पोट्टीचा डबा उद्या जरा जास्तच भर. तिथं साऱ्याजणी वाटून खाते."